आर-चॉपची पार्श्वभूमी: तुलना कुठे झाली, कुठे राहिली

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या लसिका-संस्थेच्या कर्करोगाचं निदान झालं की बहुतेक रुग्णांच्या फाइलवर आजही पहिला उपचार लिहिला जातो तो आर-चॉप, म्हणजे चॉप ही किमो आणि तिला जोडलेलं रिटुक्सिमॅब. दर २१ दिवसांनी एक, अशा साधारण सहा सायकल. रुग्णाच्याच पेशी बदलून परत देणाऱ्या, भारतात तयार झालेल्या कार-टी उपचारामुळे अलीकडे या आजाराविषयी बरंच छापून येतं, पण त्या बातम्यांचं वजन जोखायचं तर १९९३ सालापासून सुरुवात करावी लागते.

त्याआधीचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून पहिली किमो निघाली. १९७० च्या दशकात चार औषधांचं चॉप रूढ झालं आणि पसरलेल्या आजाराचे काही रुग्ण कायमचे बरे होऊ लागले. हे प्रमाण वाढवायचं म्हणून उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी आणखी औषधं जोडली. एम-बेकॉड, प्रोमेस-सायटाबॉम, मॅकॉप-बी ही त्यातली गाजलेली नावं. त्या त्या केंद्राने छापलेले आकडे चॉपपेक्षा कितीतरी चांगले होते, आणि चॉप आता मागे पडलं असं अनेक डॉक्टर धरून चालले होते.

मात्र त्या आकड्यांत एक गोम होती. एकाच केंद्राच्या अभ्यासात बऱ्याचदा तरुण, तब्येतीने बरे, प्रवास झेपणारे रुग्ण येतात. त्यांचं फळ औषधाचं किती आणि निवडीचं किती, हे त्या अभ्यासातून कळत नाही. म्हणून १९८६ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी सुरू केली. चॉप आणि हे तीन नवे, अशा चारपैकी कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. नवे उपचार सरस आहेत अशी समजूत असताना रुग्णाला जुन्या चॉपवर ठेवणं योग्य का, हा प्रश्न साधा नव्हता. ८९९ पात्र रुग्णांचे निकाल १९९३ मध्ये छापून आले. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण सगळे मिळून ५२ टक्के होतं आणि चारही गटांत जवळपास तेवढंच. फरक होता तो उपचारामुळेच झालेल्या मृत्यूंत: चॉपमध्ये १ टक्का, एम-बेकॉडमध्ये ५ आणि मॅकॉप-बीमध्ये ६. जास्त औषधांनी जास्त रुग्ण वाचले नव्हते, उलट त्यांच्या विषारीपणाने काही दगावले होते. लिम्फोमाच्या संशोधनात यापेक्षा मोलाचा ‘नकारार्थी’ निकाल क्वचितच असेल. ती चाचणी झाली नसती तर पुढे कित्येक वर्षं महागडे, जास्त त्रासाचे उपचार चांगले म्हणून दिले गेले असते.

चॉपला खरी जोड मिळाली ती बी-पेशींवरचं (या लिम्फोमात बिघडणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचं) सीडी-२० प्रथिन हेरणाऱ्या रिटुक्सिमॅबची. १९९७ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. २००२ मध्ये फ्रान्समधून ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. दोन वर्षांनी नुसत्या चॉपवरचे ५७ टक्के रुग्ण हयात होते आणि रिटुक्सिमॅब जोडलेले ७० टक्के. तुलना सरळ होती, त्यामुळे शंकेला फारशी जागा उरली नाही.

भारतात अडचण किमतीची होती. औषध होतं, ते विकत घेणारे थोडे. २००७ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीचं रिटुक्सिमॅब जवळजवळ अर्ध्या किमतीत बाजारात आलं. त्याला मंजुरी मिळाली तेव्हा मूळ औषधाशी समोरासमोर मोठी तुलना झालेली नव्हती, आणि सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधांच्या अशा नकलांसाठी देशात स्वतंत्र नियमावलीही नव्हती. ती २०१२ मध्ये आली. १९९३ चा धडा ज्यांना पटतो त्यांना ही मंजुरी खटकणारच, आणि ती हरकत रास्त आहे. तरीही नुसतं चॉप घेऊन घरी जाणाऱ्या कित्येकांना रिटुक्सिमॅब मिळू लागलं ते त्याच निर्णयामुळे. पुढे भारतीय रुग्णालयांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्ही औषधांच्या परिणामांत मोठी तफावत आढळली नाही. पण हे उत्तर औषध वापरात आल्यावर मिळालं, आधी नव्हे.

त्यानंतर आर-चॉपमध्ये काहीतरी जोडण्याचे प्रयत्न वीस वर्षं चालू राहिले. लेनालिडोमाइड आणि इब्रुटिनिब ही औषधं जोडून पाहिली, रिटुक्सिमॅबच्या जागी ओबिनुटुझुमॅब देऊन पाहिलं. मोठ्या चाचण्यांत यांतलं काहीही एकंदरीत सरस ठरलं नाही. २०२१ च्या अखेरीस पोलाटुझुमॅब या आणखी एका औषधाच्या चाचणीत दोन वर्षं आजार न बळावलेल्यांचं प्रमाण ७०.२ वरून ७६.७ टक्क्यांवर गेलं, पण एकूण आयुष्यमानात तेव्हा फरक दिसला नाही. तरुण आणि कमी धोक्याच्या रुग्णांत सहाऐवजी चार सायकल पुरतात, हे २०१९ मधल्या निकालांनी दाखवलं. त्याची बातमी फारशी झाली नाही.

आर-चॉपनंतर आजार उलटला किंवा मुळात हटलाच नाही, अशा रुग्णांसाठी कार-टी आलं. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. अमेरिकेत या लिम्फोमासाठी २०१७ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हाची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर. मुंबईत पवईच्या आयआयटी आणि परळच्या टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांत, परिणाम तपासता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. किंमत परदेशाच्या मानाने बरीच कमी, तरी लाखांच्या घरातली. या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. परदेशात उलटलेल्या आजारासाठी कार-टी आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाचा जुना मार्ग यांची थेट तुलना तीन चाचण्यांनी केली. दोहोंत कार-टी सरस ठरलं, तिसरीत नाही.