फाटकाशी उभा असलेला विंचू : इंग्रजीतल्या एका चुकीची पार्श्वभूमी

‘स्टँडिंग ॲट द गेट, अ स्कॉर्पियन स्टंग हिम.’ रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातलं हे वाक्य मुंबईत इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी दुरुस्त केलं आहे. ‘स्टँडिंग’ला स्वतःचा कर्ता नाही. म्हणून ते मुख्य वाक्याच्या कर्त्याला, म्हणजे विंचवाला, जाऊन चिकटतं आणि फाटकाशी विंचूच उभा राहतो. या प्रकाराला आता डँगलिंग मॉडिफायर, म्हणजे लोंबणारं विशेषण, म्हणतात.

ते पुस्तकही इथलंच. पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते, कराचीला; कराची तेव्हा या इलाख्यातच होती. फ्रेंच फॉरिन लीजनवरची ‘बो जेस्ट’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी याच रेनसाहेबांची, हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही. व्याकरण छापलं मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी.

वाक्यारंभीच्या अशा रूपाचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच हवा, हा नियम इंग्रजीच्या जन्मापासूनचा असावा असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जुन्या इंग्रजीत धातुसाधित विशेषणांना, म्हणजे ‘स्टँडिंग’सारख्या क्रियापदापासून बनलेल्या रूपांना, विभक्तीचे प्रत्यय लागत, त्यामुळे कोण उभं होतं हे शब्दाच्या शेपटावरूनच कळे. लॅटिन आणि संस्कृतातही तसंच. पुढे इंग्रजीचे प्रत्यय झडले आणि नातं दाखवायचं काम शब्दाच्या जागेवर येऊन पडलं. तरीही लोक बराच काळ निर्धास्तपणे लिहीत राहिले. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात राजाचं भूत म्हणतं, ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.’ आपल्या विंचवाचा हा थोरला भाऊच. बागेत झोपला होता राजा. व्याकरणाने पाहिलं तर साप. प्रेक्षकांचं काही अडलं नाही.

याला शिस्त लागली ती प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत विल्यम स्ट्रंक यांनी १९१८च्या छोट्या पुस्तकात सरळ फर्मान काढलं : वाक्यारंभीच्या अशा पदबंधाने वाक्याच्या व्याकरणिक कर्त्याकडेच बोट दाखवलं पाहिजे. इंग्लंडमध्ये फाउलर यांच्या इंग्रजीच्या वापरावरच्या १९२६च्या कोशात ‘अनअटॅच्ड पार्टिसिपल्स’ (कर्त्याशी न जोडलेली धातुसाधितं) अशी स्वतंत्र नोंद आली. मात्र ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘ओइंग टु’ अशी काही रूपं वापरून वापरून शब्दयोगी अव्ययांसारखी झाली आहेत, त्यांना कर्ता विचारायचा नाही, ही सूटही होती. रेन आणि मार्टिनने बंदी आणि सूट दोन्ही उचलली. ‘रफली स्पीकिंग’ त्यांनाही चालतं. आपल्या वर्गांत बंदी पाठ झाली, सूट मात्र पानावरच राहिली. ‘चुका दुरुस्त करा’ हा प्रश्न तपासायला सोपा, हेच त्याचं कारण असावं.

आता मराठी मुलांकडे येऊ. माझ्या मते त्यांची ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीचा नियम इमानाने पाळल्याची आहे. ‘फाटकाशी उभी असताना तिला विंचू चावला’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘उभी’ हे स्त्रीलिंगी रूपच सांगतं की विंचवाचा इथे संबंध नाही. मुलगा असेल तर ‘उभा’ विंचवालाही लागू शकतं, पण मनात तसं येतसुद्धा नाही, कारण ‘त्याला’ हा ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो माणूस मराठीत कर्त्याइतकाच ठळक असतो. ‘ते ऐकून मला आनंद झाला’ यात वाक्याचा कर्ता आनंद, पण ऐकणारा मी.

मागे थेट पाणिनीपर्यंत जाता येतं. ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’ (३.४.२१) : दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर आधीच्या क्रियेला क्त्वा प्रत्यय. मराठीचं ‘-ऊन’ याच घराण्यातलं, प्राकृतातून आलेलं. पाणिनीचा कर्ता म्हणजे क्रिया करणारा; तो वाक्यात तृतीयेत बसला तरी हरकत नाही. इंग्रजीला मात्र तो कर्त्याच्या खुर्चीवरच बसलेला हवा. मराठीने तर पाणिनीचीही अट सैल केली. ‘वीज पडून दोघांचा मृत्यू’ हा मथळा पावसाळ्यात दरवर्षी छापला जातो. पडली वीज, मेली माणसं, आणि मराठी वाचक क्षणभरही अडखळत नाही. ही मोकळीक घेऊन मूल इंग्रजीत शिरतं आणि तिथे लाल शाई वाट पाहत असते.

जेफ्री पुलम यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ हल्ली याला व्याकरणाची चूक म्हणायला तयार नाहीत. वाचकाला नाहक कोड्यात टाकणं, एवढाच त्यांचा आक्षेप. मला ते पटतं. पण कार्यालयीन इंग्रजीत हे कोडं फार वेळा पडतं, कारण तिथे कर्मणी प्रयोगाची हौस दांडगी. ‘आफ्टर चेकिंग द डॉक्युमेंट्स, द फॉर्म वॉज सबमिटेड’ : कागद तपासले कोणी, फॉर्मने?

दुरुस्ती करताना पुष्कळ जण सुरुवातीचा तुकडा उचलून शेवटी नेतात. त्याने लोंबणं थांबेलच असं नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा असा नमुना घ्या : ‘हॅविंग लीक्ड फॉर टू वीक्स, द कमिटी हॅज डिसायडेड टु रिप्लेस द टेरेस टँक.’ दोन आठवडे गळत होती टाकी, नोटिशीत गळतेय कमिटी. ‘हॅविंग लीक्ड’ शेवटी टाकलं तरी वाक्य लंगडंच. टाकीला कर्त्याच्या जागी बसवलं, ‘हॅविंग लीक्ड फॉर टू वीक्स, द टेरेस टँक विल बी रिप्लेस्ड’, तर व्याकरण सुटतं, पण निर्णय घेणारी कमिटी गायब होते, आणि सभासदांना नेमकं तिलाच धरायचं असतं. त्यापेक्षा तुकड्याला त्याचा कर्ता देऊन पुरं उपवाक्य करावं : ‘सिन्स द टेरेस टँक हॅज बीन लीकिंग फॉर टू वीक्स, द कमिटी हॅज डिसायडेड टु रिप्लेस इट.’ दोन-तीन शब्द वाढले, पण खर्चाचा जाब कोणाला विचारायचा ते नोटिशीत राहिलं.