पीएसची जुनी डिस्क आणि पीसीची जुनी डबी

नाशिकच्या कॉलेज रोडवरून येवो नाहीतर सिडकोतून, मेसेज ठरलेलाच असतो. "भाऊ, लेफ्ट फॉर डेड टू ची ओरिजिनल डीव्हीडी मिळतेय. तीनशे म्हणतोय, दोनशेला सोडेल. घेऊ का? एक पण स्क्रॅच नाही." पीसीवरचा झॉम्बी मारायचा गेम. सोबत फोटो. डीव्हीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरलेली, चकचकीत, ओरखडा नाही हे दिसावं म्हणून. डबीच्या आत जे कार्ड असतं, ज्यावर कोड छापलेला असतो, त्याचा फोटो कोणीच पाठवत नाही. आणि विचारायचं असतं ते त्या कार्डाबद्दलच.

ओरखडे पीएसच्या, म्हणजे प्लेस्टेशनच्या डिस्कवर शोधायचे असतात. पीसीच्या डबीतली डिस्क आरशासारखी असली काय आणि तिच्यावर कोणी चहाचा कप ठेवला असला काय, फरक शून्य.

पीएसचं तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. डिस्क ड्राइव्हमध्ये आहे तोवर गेम तुमचा. विकलीत की घेणाऱ्याचा. किलिंग फ्लोअर टू किंवा बॅक फॉर ब्लड पीएस४ वर खेळून झाला की डिस्क दुसऱ्याला द्यायची, त्याने संध्याकाळी ती घालून खेळायचं. अधेमध्ये कुणाची परवानगी नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी जुन्या डिस्कवर बंधनं आणायचं जाहीर केलं, तेव्हा इतका आरडाओरडा झाला की महिन्याभरात बेत मागे घ्यावा लागला. म्हणून तो बाजार अजून जिवंत आहे. को-ऑप, म्हणजे मित्रांनी एका बाजूने मिळून, ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या वर्गणीचे पैसे वेगळे जातात, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

"पण आता पीसीला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो ना?" हा मुद्दा लोक फार मोठा करतात. नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, मित्राकडूनही आणता येतो. ग्राफिक्स कार्ड चालेल का, हाही प्रश्न नाही. २००९ चा गेम आजच्या साध्या लॅपटॉपवरही पळतो. या दोन गोष्टींवर अर्धा तास चर्चा करून मंडळी गाडी काढतात, द्वारका सर्कलचं ट्रॅफिक पार करून नाशिक रोडला जातात, रोख मोजतात आणि डबी घरी आणतात. मग रात्री फोन. "भाऊ, कोड घेतच नाहीये."

घेणारच नाही. तो एकदा घेऊन झालाय.

पीसीच्या डबीत दोन वस्तू असतात, एक डिस्क आणि एक कोड. पाच-पाच अक्षरांचे तीन गट असलेला तो कोड, ज्याला आपण सगळे 'की' म्हणतो. डिस्कवर गेमच्या फायली असतात, बस. नेट मुंगीच्या गतीने चालायचं तेव्हा सात-आठ जीबी घरापर्यंत पोचवायची ती एक सोय होती. गेम खेळण्याचा हक्क त्या कीमध्ये असतो. पहिल्या मालकाने ती स्टीममध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम दुकानात, टाकली त्या क्षणी हक्क कार्डावरून निघाला आणि व्हॉल्व्हच्या सर्व्हरवर त्याच्या अकाउंटच्या नावे लागला. त्यानंतर ते कार्ड म्हणजे वापरलेलं रिचार्ज कूपन. नंबर जागेवर आहे, स्पष्ट वाचता येतो, आत बॅलन्स नाही.

पटत नसेल तर उलटीकडून बघा. त्या पहिल्या मालकाने डिस्क गोदावरीत सोडली, कार्ड फाडून टाकलं, डबी भंगारात दिली. काय बिघडलं त्याचं? काहीच नाही. तो कुठल्याही पीसीवर लॉगिन करेल, इन्स्टॉल दाबेल आणि अर्ध्या तासात झॉम्बी मारत बसेल. तुमच्याकडे मात्र डिस्क, कार्ड, डबी, मॅन्युअल सगळं आहे आणि स्टीम सांगतंय की हा कोड दुसऱ्या अकाउंटवर वापरला गेला आहे. पीएसवर असं होऊच शकत नाही. तिथे ज्याच्या हातात डिस्क तो मालक. इथे ज्याच्या अकाउंटवर की तो मालक, आणि हातातल्या वस्तूला कुणी विचारत नाही.

आता यातली खरी गंमत. विकणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. तो मनापासून सांगतो, "दादा, मी स्वतः खेळलोय, एकदम चालू आहे." पीएसच्या डिस्कबद्दल हे वाक्य म्हणजे खात्री. पीसीच्या डबीबद्दल हेच वाक्य ऐकलं की सौदा तिथेच सोडायचा. तो खेळलाय, म्हणजे की त्याच्या अकाउंटवर बसली. तो जितका खरा बोलतोय तितकी डबी निरुपयोगी. जाहिरातीत 'चालू कंडिशन, एकदाच खेळलेला' असं वाचलं की माझं डोकं फिरतं. एकदाच खेळलेला काय? मोबाइल आहे का तो?

हा गोंधळ आला कुठून तेही कळतं मला. ज्यांनी नेट कॅफेत लॅनवर रात्री जागवल्या, त्यांच्या डोक्यात सीडी म्हणजे गेम हे पक्कं बसलंय. एके काळी ते खरंही होतं. १९९९ चा सिस्टिम शॉक टू घ्या. अंतराळयानातला भीतीचा गेम, नंतर आलेल्या पॅचने, म्हणजे अपडेटने, त्यात चौघांपर्यंत को-ऑप दिलं. त्याची सीडी ज्याच्या हातात त्याचा गेम. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये हाफ-लाइफ टू आला आणि दुकानातून डबी विकत घेऊनही स्टीमवर नोंदणी सक्तीची झाली. तिथून पीसीची डिस्क हळूहळू नुसतं वेष्टन होत गेली. आपला लाडका प्रकार, म्हणजे चौघांनी मिळून अंधारात टॉर्च धरून जीव वाचवायचा, तो जवळजवळ सगळा त्यानंतरचा. लेफ्ट फॉर डेड २००८, किलिंग फ्लोअर आणि लेफ्ट फॉर डेड टू २००९. तिन्ही स्टीमचे. म्हणजे या तिघांसाठी 'जुनी सीडी चालते' हा काळ कधी आलाच नाही.

आणि को-ऑप असल्यामुळे पळवाटही नाही. एकट्याने खेळायचा गेम लोक कुठून तरी क्रॅक करून रेटतात. बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण रेटतात. को-ऑपमध्ये लॉबीत, म्हणजे खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत, शिरताना तुमचं अकाउंट तपासलं जातं. तुमचे तिघे मित्र स्टीमवर तुमची वाट बघत बसणार आणि तुम्ही बाहेर. भयपट एकट्याने बघता येतो, हा गेम एकट्याने खेळण्यात मजा नाही. कॉम्प्युटरने चालवलेले साथीदार वेळेवर औषधही देत नाहीत.

इथवर पटलं की हुशार मंडळींचा पुढचा प्रश्न तयार असतो. "मग त्याचं अकाउंटच घेतो ना विकत! आयडी, पासवर्ड, विषय संपला."

विषय तिथे सुरू होतो. स्टीमच्या करारात अकाउंट विकायला किंवा दुसऱ्याच्या नावे करायला साफ मनाई आहे. ते बाजूला ठेवू, करार कोण वाचतं. व्यवहारातलं बघा. तुम्ही पासवर्ड बदललात, ईमेल बदललात, मोबाइलवर स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनचं दुसरं कुलूप, लावलंत. सहा महिन्यांनी मूळ मालकाला पैशांची चणचण लागली. तो सपोर्टला लिहितो की माझं अकाउंट कुणीतरी बळकावलं. पुरावा काय? सुरुवातीला ज्या कार्डाने पैसे भरले त्याचा तपशील, नाहीतर डबीतल्या त्याच कोडचा फोटो. अकाउंट त्याला परत. तुम्ही तक्रार कुणाकडे करणार? आणि काय म्हणून? विकत घेतलं म्हणालात तर नियम मोडल्याची कबुली तुम्हीच दिलीत.

दुसरा काटा व्हॅक बॅनचा, म्हणजे स्टीमच्या चीट पकडणाऱ्या यंत्रणेने घातलेल्या बंदीचा. पहिल्या मालकाने कधी काळी चीट वापरून बंदी ओढवून घेतली असेल तर ती कायमची. लेफ्ट फॉर डेड टू वर व्हॅक बॅन असेल तर सुरक्षित सर्व्हरवर पाय ठेवता येत नाही, म्हणजे को-ऑपचा मुख्य रस्ताच बंद. प्रोफाइलवर बॅनची नोंद दिसते, पण अकाउंट घेणारे लोक लायब्ररीतल्या गेमची यादी बघतात आणि हरखतात. "पन्नास गेम आहेत भाऊ!" असतील. माझं मत स्पष्ट आहे. फुकट दिलं तरी दुसऱ्याचं अकाउंट घेऊ नका.

फॅमिली शेअरिंगबद्दलही सांगून टाकतो, कारण घरात दोन भाऊ असले की हा प्रश्न येतोच. स्टीम फॅमिलीज २०२४ पासून सगळ्यांना मिळालं, एका घरातले सहा जण लायब्ररी वाटून घेऊ शकतात. पण एका कॉपीवर एका वेळी एकच जण. धाकटा खेळून उठला की थोरल्याने बसायचं. दोघांना एकाच वेळी एकाच गेममध्ये हवं असेल, आणि को-ऑपमध्ये ते हवंच असतं, तर दोन कॉपी लागतात. शिवाय धाकट्याने तुमच्या कॉपीवर चीट केलं तर बॅन तुमच्याही माथी.

एकच जुनी डबी घेण्यासारखी असते, ती म्हणजे जिची की कोणी वापरलेलीच नाही. दुकानात पडून राहिलेला माल, कुणाला भेट आलेली आणि तशीच कपाटात राहिलेली. इथे सीलवर विश्वास ठेवू नका. प्लास्टिकचं वेष्टन पुन्हा चढवायला मशीन लागतं एवढंच, आणि ते महाग नाही. भेटा, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा, लॅपटॉपवर तुमच्या स्टीममधून प्रॉडक्ट ॲक्टिव्हेट करायचा पर्याय उघडा, डबी त्याच्यासमोर फोडा, कोड टाका. लायब्ररीत गेमचं नाव दिसलं की पैसे द्या. आधी नाही. "सील फोडलं तर परत घेणार नाही" असं तो म्हणाला तर रास्त आहे त्याचं म्हणणं. आधीच ठरवा, चालला तर पूर्ण पैसे, नाही चालला तर डबी तुझी. वापरलेली नसल्याची ज्याला खात्री आहे तो कबूल होतो. टाळाटाळ सुरू झाली की गंगापूर रोडवर मिसळ खा आणि घरी या.

व्हॉट्सॲपवर नुसती की विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. चोरीच्या क्रेडिट कार्डवर घेतलेली की आज चालते, मूळ व्यवहार उलटला की लायब्ररीतून गेम काढून घेतला जातो.

मला विचाराल तर मुळात जुन्याच्या नादी लागायचं कारणच काय? लेफ्ट फॉर डेड टू स्टीमच्या सेलमध्ये नव्वद टक्के सवलतीत कितीदा तरी आलाय. भारतात २०१५ पासून किंमत रुपयांत आहे. २०१३ च्या नाताळात तर तो एक दिवस फुकट वाटला होता, तेव्हा आधी स्वतःच्या जुन्या अकाउंटची लायब्ररी उघडून बघा, असायचा पडलेला. आणि पहिल्या भागाची डबी शोधत फिरू नका, त्याच्या सगळ्या मोहिमा दुसऱ्या भागात आहेत. नव्या कॉपीवर चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ही सोय कुठला सेकंडहँडवाला देणार?

डेड स्पेस थ्रीची डबी (२०१३) दिसली तरी उत्तर तेच, फक्त स्टीमच्या जागी ईए कंपनीचं ओरिजिन, म्हणजे आताचं ईए ॲप. त्यात काही मोहिमा दोघं असल्याशिवाय उघडतच नाहीत, म्हणजे दोन की लागणार. रेसिडेंट ईव्हिल फाइव्हची २००९ ची पीसी डीव्हीडी त्याहून वाईट. ती गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेवर बेतलेली होती, तिचं दुकान मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्येच बंद केलं. गेम काढणाऱ्या कॅपकॉमने नंतर स्टीमवरच्या आवृत्तीतून ती सेवा काढून टाकली, तुमच्या डीव्हीडीवर ती जशीच्या तशी आहे. हाच गेम पीएस४ च्या जुन्या डिस्कवर डोळे झाकून घ्या.

"पण पैसे देऊन घेतलेली वस्तू विकता येऊ नये, हा कुठला न्याय?" असं कोणी तावातावाने विचारलं तर मी त्याच्याच बाजूने आहे. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला यावरून कोर्टात खेचलं, २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. तर सध्या आहे हे असं आहे.

कुणाला डबी डबी म्हणूनच हवी असेल, कव्हरवरचा तो तुटक्या अंगठ्याचा पंजा शेल्फवर मिरवायला, तर जरूर घ्या. देखणी आहे, मॅन्युअलसकट मिळाली तर आणखी छान. फक्त पुठ्ठ्याचा आणि प्लास्टिकचा भाव करा, गेमचा नाही.