मजकूर भरला, पण टाइप कुणी केला?

‘ज्योत्स्ना’ हा शब्द वाचायला दोन अक्षरांचा. फोनच्या लेखी मात्र त्यात १० चिन्हं आहेत: ज, हलन्त, य, ओकाराची मात्रा, त, हलन्त, स, हलन्त, न आणि शेवटचा काना. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना प्रत्येकाला ३ बाइट लागतात. आता एखाद्या ॲपने नावाच्या चौकटीला ८ चिन्हांची मर्यादा घातली, तर तिथे ‘ज्योत्स्’ एवढंच उरतं. नाव अर्ध्यात तुटतं. रोमन लिपीतली चार-पाच अक्षरी नावं टाकून चाचणी केली असेल, तर ही चूक कुणालाच दिसत नाही.

ॲपची नवी आवृत्ती आली की प्रत्येक फॉर्म हाताने भरून बघणं शक्य नसतं. म्हणून टेस्टर स्क्रिप्ट लिहितात: ही चौकट शोध, तीत हा मजकूर टाक, पुढचं बटण दाब. त्यासाठी अँड्रॉइडवर एस्प्रेसो, आयफोनवर एक्ससीयूआयटेस्ट आणि दोन्हीकडे चालणारं ॲपियम अशी साधनं आहेत. ‘मजकूर टाक’ ही यातली सगळ्यांत सोपी ओळ वाटते. माझ्या मते सगळ्यांत फसवी ओळ तीच आहे, कारण मजकूर चौकटीत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत आणि माणूस त्यांतल्या एकाच मार्गाने येतो.

संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनात ‘इनपुट टेक्स्ट’ नावाची आज्ञा आहे. तिला मजकूर दिला की ती प्रत्येक अक्षरासाठी कोणती कळ दाबावी लागेल हे एका तक्त्यात शोधते आणि कळ दाबल्याचा व सोडल्याचा संदेश ॲपला पाठवते. त्या तक्त्यात रोमन अक्षरं आणि अंक आहेत, देवनागरी नाही. त्यामुळे ‘ज्योत्स्ना’ दिलं की आज्ञा तिथेच फसते. एस्प्रेसोमधली टाइप करण्याची सोयही याच कारणाने अडते. देवनागरीत चाचण्या कमी होण्यामागे नुसती टेस्टरची उदासीनता नाही, साधनांची घडणही आहे.

पण खरी गोम याच्याही पुढे आहे. फोनच्या पडद्यावरचा कीबोर्ड मुळात कळा दाबतच नाही! अँड्रॉइड १.५ या २००९ सालच्या आवृत्तीपासून कीबोर्ड हे एक स्वतंत्र ॲप असतं, आणि ते समोरच्या चौकटीशी एका ठरलेल्या वाटेने बोलतं. ‘हा शब्द अजून घडतोय, त्याखाली रेघ ठेव’, ‘आता हा पक्का कर’, ‘मागची दोन चिन्हं पूस’ असे त्याचे निरोप असतात. शब्द सुचवणं, चुका दुरुस्त करणं, बोट सरकवून लिहिणं हे सगळं याच निरोपांतून होतं. पडद्यावरच्या कीबोर्डकडून कळांचे संदेश येतीलच असं धरून चालू नका, असं अँड्रॉइडचं अधिकृत दस्तऐवजीकरणही सांगतं. म्हणजे कळांचे संदेश पाठवणारी स्क्रिप्ट फोनला बाहेरून जोडलेल्या कीबोर्डची नक्कल करत असते. ॲपचा कोड त्या संदेशांवर विसंबून असेल, तर चाचणीत सगळं सुरळीत चालेल आणि वापरणाऱ्याच्या हातात मात्र काहीच घडणार नाही.

कळांची वाट बंद झाली की बहुतेक जण मजकूर थेट चौकटीत ठेवतात. हे झटपट होतं, देवनागरीही चालते. फक्त तिथे टाइप करण्याची क्रियाच घडत नाही. कार्डाचा क्रमांक लिहिताना दर चार आकड्यांनंतर मोकळी जागा सोडणारी चौकट घ्या. प्रत्येक आकड्यागणिक ॲप मजकूर नव्याने मांडतं आणि कर्सर योग्य जागी ठेवायचा प्रयत्न करतं. त्यात चूक असेल तर पाचवा आकडा चौथ्याच्या आधी जाऊन बसतो. १६ आकडे एकदम ठेवले तर हा प्रसंगच येत नाही. शिवाय कीबोर्ड वर आलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्यामागे ‘पुढे’ हे बटण झाकलं जातं का, तेही कळत नाही.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे चाचणीसाठीच बनवलेला छोटा कीबोर्ड. एडीबी कीबोर्ड हे त्याचं एक मुक्त-स्रोत उदाहरण. तो फोनवर कीबोर्ड म्हणून निवडायचा, स्क्रिप्टने त्याला मजकूर कळवायचा आणि त्याने तो खऱ्या कीबोर्डच्याच वाटेने चौकटीला द्यायचा. कर्सरची परीक्षा घ्यायची असेल तर एकेक चिन्ह पाठवावं. शेकडो चाचण्यांत नाव-पत्ता ही नुसती पूर्वतयारी असते, तिथे थेट ठेवलेला मजकूर पुरतो. पण ज्या चाचणीचा विषयच लिहिणं आहे, तिथे मी ही सूट देणार नाही.

मग अशा चाचणीत लिहायचं काय? ॲपला अडवू शकतील अशी अक्षरं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयओएस ११.२.५ असलेल्या आयफोनवर तेलुगूतलं एक जोडाक्षर दिसताच मेसेज ॲप बंद पडायचं. आपल्या ‘ज्ञा’सारख्याच त्या अक्षरात एक अदृश्य चिन्हही होतं. त्याच महिन्यात ११.२.६ काढून ती चूक दुरुस्त करावी लागली.

आपल्याकडेही असं अदृश्य चिन्ह आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, फोनला मात्र वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची ठरलेली रीत, वापरली तरी ते एक होत नाहीत. एका तऱ्हेने साठवलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला, तर साधी तुलना करणारं ॲप ‘सापडला नाही’ म्हणतं. वापरणाऱ्याचा कीबोर्ड यांतली कोणती तऱ्हा पाठवेल हे टेस्टरच्या हातात नसतं. स्क्रिप्टमध्ये मात्र एकच असते: ती लिहिताना टेस्टरच्या स्वतःच्या कीबोर्डने उमटवलेली.