एसटीचा तोटा आगारात दिसतो, तयार होतो मंत्रालयात

एसटीचा संप झाला, भाडे वाढले किंवा बसखरेदीचा वाद निघाला की चर्चा हमखास चालक-वाहकांची शिस्त, स्थानकांवरची घाण आणि 'सरकारी कारभार' यांच्याभोवती फिरते. जून २०२५ मध्ये आलेल्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. एवढी रक्कम एखाद्या आगार व्यवस्थापकाच्या हलगर्जीपणाने साचत नाही. ती कशी साचली हे समजून घ्यायचे तर १९५० च्या कायद्यापासून सुरुवात करावी लागते.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. पुढे केंद्राने 'रस्ता परिवहन महामंडळ अधिनियम, १९५०' केला आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातली एसटी महामंडळ झाली. या कायद्यात दोन कलमे आहेत. कलम २२ सांगते, महामंडळाने व्यापारी तत्त्वावर काम करावे. कलम ३४ सांगते, राज्य सरकार महामंडळाशी विचारविनिमय करून त्याला निर्देश देऊ शकते आणि महामंडळाने ते पाळायचे. नफ्यातोट्याची जबाबदारी एकाची, निर्णयाचा अधिकार दुसऱ्याचा, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून कायद्यातच आहे. सुरुवातीची काही दशके ती बोचली नाही, कारण मार्गांवर एसटीची मक्तेदारी होती. मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये घातलेल्या प्रकरणामुळे टप्पा वाहतुकीचे, म्हणजे ठरलेल्या मार्गावर वाटेत प्रवासी घेत-सोडत जाणाऱ्या बससेवेचे, राष्ट्रीयीकरण करता येत होते. भरलेल्या गाड्यांचे उत्पन्न तोट्यातल्या खेड्यांच्या फेऱ्या सांभाळत होते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांचे धोरण सैल केले आणि हा तोल ढळला. टप्पा वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण कागदावर तसेच राहिले, मात्र कंत्राटी परवान्यांवर खासगी ट्रॅव्हल्स वाढल्या. कंत्राटी परवान्यावर संपूर्ण गाडी एका कराराने भाड्याने द्यायची असते. वाटेत प्रवासी घेता-सोडता येत नाहीत. प्रत्यक्षात सीट-सीट विकली जाते, हे राज्यातल्या कोणत्याही बसस्थानकाबाहेर उभे राहिले की दिसते. स्थानकाच्या २०० मीटर परिसरात खासगी वाहनांना बंदी आहे, पण ती मोहिमेपुरती पाळली जाते. एप्रिल २०१८ मध्ये तर सरकारने खासगी बसभाड्याची कमाल मर्यादा ठरवली : एसटीच्या त्याच प्रकारच्या सेवेच्या दीडपट. प्रवाशाची लूट थांबवण्यासाठी ते योग्यच होते. पण कायद्याने जी सीट-विक्री होऊच नये, तिचा दर सरकारनेच ठरवून दिला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ग्रामीण भागात हेच काम वडाप (खासगी जीप) आणि काळी-पिवळी टॅक्सीने केले. तिथे तर परवान्याचीही फारशी फिकीर नव्हती.

आता पैशाचे गणित. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेते. शहरी परिवहन उपक्रमांना हाच कर ३.५ टक्के आहे. खासगी बसवाले आसनसंख्येवर ठोक कर भरतात, त्यामुळे त्यांची गाडी जितकी जास्त धावेल तितका दर फेरीमागे कर कमी पडतो. एसटीचा मात्र उत्पन्नाबरोबर वाढत जातो.

याच्या जोडीला सवलती. विद्यार्थी, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार अशी यादी जुनीच होती. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट सुरू झाले. दोन्ही योजनांनी गाड्या भरल्या, हे मान्य केले पाहिजे. कितीतरी बायका वडाप सोडून एसटीत परतल्या. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते, त्यामुळे कागदावर तोटा नाही. अडचण रोखीची आहे.

एक उदाहरण मांडू. जानेवारी २०२५ नंतरच्या दराने साध्या गाडीचे सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला सुमारे दहा रुपये पडतात, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १७० रुपये. ४४ आसनांच्या गाडीत २२ प्रवासी शेवटपर्यंत बसले, तर भारमान (भरलेल्या आसनांचे प्रमाण) ५० टक्के आणि हिशेबी उत्पन्न ३,७४० रुपये. यात १० महिला, ४ जण पंच्याहत्तरीपुढचे आणि ८ पूर्ण तिकिटाचे असे धरा. वाहकाच्या हातात रोख येतात २,२१० रुपये. उरलेले १,५३० मंत्रालयाकडून यायचे. गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते, म्हणजे २० ते २२ लिटर डिझेल, ९० रुपये दराने १,८०० ते २,००० रुपये. ते आजच भरावे लागते. हातात उरलेल्या दोन-चारशे रुपयांत दोघांचा पगार, टायर, सुटे भाग, प्रवासी कर हे सगळे बसवायचे. प्रतिपूर्ती वेळेवर आली तर हे जमते. ती रखडली, की आधी सुट्या भागांच्या पुरवठादाराचे बिल थांबते, मग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम थकते, शेवटी पगार लांबतो.

पुरवठादाराचे बिल थांबल्याचा परिणाम कार्यशाळेत दिसतो. गाडी 'ऑफ रोड' होते, तिचे भाग काढून दुसरी चालवली जाते, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधणीचा वेग पडतो. आगारात गाड्या कमी पडल्या की वाहतूक नियंत्रकाला काही फेऱ्या रद्द कराव्या लागतात. लांब पल्ल्याची गाडी रद्द केली तर आरक्षणाचे पैसे परत द्यावे लागतात. खेड्याच्या सकाळच्या फेरीत बहुतेक पासधारक विद्यार्थी असतात. त्यांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच आलेले असतात, फेरी बुडाली तरी उत्पन्न त्याच दिवशी बुडत नाही. म्हणून मुक्कामी गाडी आणि शाळेची फेरी आधी जाते. त्याच गाडीवर अवलंबून असलेला रोख तिकिटाचा प्रवासी दोन-चार वेळा फसला की वडापकडे वळतो. वर्षभराने त्या फेरीचे भारमान खाली आलेले असते आणि 'अल्प प्रतिसाद' या शेऱ्याने ती बंद होते. हा प्रतिसाद आधीच्या रद्द फेऱ्यांनी घडवलेला असतो, पण शेऱ्यात तसे लिहिले जात नाही.

भाड्याचे काय? डिझेल, टायर, चासी आणि महागाई भत्ता यांच्या दरांवरून भाडे ठरवण्याचे सूत्र आहे. ते नियमित वापरले तर दरवाढ लहान लहान टप्प्यांत होईल. प्रत्यक्षात जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली. मधली तीन-तीन वर्षे गोठलेली. शेवटची वाढ विधानसभा निवडणुकीनंतर दोन महिन्यांनी आली. दर रोखून धरल्याने प्रवाशाचा फायदा झाला असे वाटते, पण त्याच काळात फेऱ्या कमी होतात आणि नंतर एकदम मोठा धक्का बसतो.

वेतनाचाही हाच प्रकार. जून २०१८ मध्ये कामगार संघटनांशी करार न होता ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ मंत्र्यांनी एकतर्फी जाहीर केली. नाराज कर्मचारी त्याच महिन्यात अचानक संपावर गेले. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये दिवाळीत संप झाला होता. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला संप जवळपास साडेपाच महिने चालला, आणि मागणी पगारवाढीच्या पुढे जाऊन महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याची झाली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली, तरी बहुतेक कर्मचारी मागे हटले नाहीत. मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण नाकारले आणि अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. विलीनीकरणाच्या मागणीला व्यवहार्य म्हणणे कठीण आहे. पण ती का उभी राहिली हे स्पष्ट आहे : निर्णय सरकार घेत असेल, तर पगारही सरकारनेच द्यावा, इतका साधा तर्क तिच्यामागे होता.

गाड्यांच्या खरेदीत तर धोरण टिकतच नाही. २०१७ पासून शिवशाही या वातानुकूलित सेवेत भाडेतत्त्वावर खासगी गाड्या घेतल्या गेल्या. अशा करारात ठेकेदाराला किमान किलोमीटरची हमी असते, म्हणजे गाडी रिकामी धावली तरी एसटीचे देणे चुकत नाही. भारमानाचा धोका महामंडळाकडे, भांडवली मालकी दुसऱ्याकडे. २०२३ मध्ये ५,१५० विद्युत बस भाड्याने घेण्याचा करार झाला. पुरवठा रखडला आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो रद्द करण्याचे निर्देश दिले. १,३१० बस भाड्याने घेण्याच्या निविदेला जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. दरम्यान जुन्या गाड्या आयुष्य संपूनही रस्त्यावर राहतात.

हे सगळे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण बसते? सप्टेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सत्ताधारी आमदार भरत गोगावले अध्यक्ष झाले. २०२५ च्या सुरुवातीला ते पद परिवहन विभागाचे अतिरिक्त मुख्य सचिव संजय सेठी यांच्याकडे गेले, आणि एप्रिल २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक अध्यक्ष झाले. आठ महिन्यांच्या आत तीन अध्यक्ष. बसची निविदा काढण्यापासून गाडी रस्त्यावर यायलाही याहून जास्त वेळ लागतो.