दोन मे महिने, दोन वादळं आणि एक नोंदवही

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला आम्ही ज्या घरी उतरतो, तिथं ओटीवरच्या कोनाड्यात एक लांबडी वही असते. काकू ती स्वतःच्या हातानं लिहितात: नाव, गाव, माणसं किती, जेवण शाकाहारी की मासे, उकडीचे मोदक हवेत का. मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी खाली एक आडवी रेघ मारली आहे. रेघेखालची पहिली नोंद नोव्हेंबरची आहे. मधले आठ महिने वहीत नाहीत.

महासाथीत पर्यटन महामंडळानं आणि सरकारनं स्थानिक व्यावसायिकांना काय दिलं, याची चर्चा बहुतेकदा योजनांच्या नावांवरच थांबते. मदत अशा घरांपर्यंत कशी पोहोचली आणि कुठे अडली, हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 साली स्थापन झालं. सुरुवातीचं त्याचं काम म्हणजे स्वतःची निवासस्थानं उभारणं आणि चालवणं. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली इथं ‘एमटीडीसी’ हा शब्द आजही रिसॉर्ट याच अर्थानं वापरतात. गावातल्या माणसाचा या पर्यटनाशी संबंध फार तर नोकरीपुरता किंवा दूध-भाजी पुरवण्यापुरता.

चित्र पालटलं ते नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आणि त्याच 1997 च्या नोव्हेंबरात दिवेआगरच्या एका पोफळीच्या वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली. तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा होता. सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गाड्या येऊ लागल्या, आलेल्यांना जेवायला हवं होतं, रात्र काढायला खोली हवी होती. वाडीतल्या घरांनी पडवी बंद करून खोली केली, मागं संडास-बाथरूम बांधलं, दारावर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी लावली. या गावातलं पर्यटन असं स्वयंपाकघरातून सुरू झालं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. मार्च 2012 मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला. गावाचा व्यवसाय त्या धक्क्यातून समुद्रकिनाऱ्याच्या जोरावर हळूहळू सावरला.

अशा घरांसाठी महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना होती. घरमालकानं नोंदणी करायची, आपल्याच घरात पाहुणे ठेवायचे. पण कोकणात घर एकाचं नसतं. घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, हिस्सेदार चुलते मुंबईत, एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची राहते. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या नियमांची, टांगती तलवार वेगळीच. शिवाय नोंदणी केली की वीजबिल व्यापारी दरानं येईल, ही भीती मी किती तरी घरांत ऐकली आहे. त्यामुळे पुष्कळ जण पाटीवर होते, पण कागदावर नव्हते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली ती कोकणाच्या हंगामाच्या तोंडावर. इथला वर्षाचा हिशेब मे महिन्यावर चालतो. शाळांना सुट्टी, चाकरमानी गावी, आंबा-फणस, खोल्या भरलेल्या. तो मे पूर्ण बुडाला. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. कौलं, पत्रे उडाले, नारळ मोडले, पोफळीच्या रांगा एकावर एक आडव्या झाल्या. वीज यायला कित्येक दिवस लागले. पर्यटकाला इथं यावंसं वाटतं ते पोफळीच्या सावलीतल्या खोलीत झोपायला. रोप लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. पंचनाम्यात झाडाची किंमत लागली, सावलीची लागली नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, जूनच्या अखेरीस, राज्य मंत्रिमंडळानं ‘बीच शॅक’, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्यांचं, धोरण मंजूर केलं. वर्सोली, दिवेआगर, केळवा, बोर्डी, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि तारकर्ली असे 8 किनारे त्यात होते, आणि शॅक देताना स्थानिकांना प्राधान्य होतं. हेतू चांगलाच होता. पण त्या आठवड्यात दिवेआगरकर छपरावर ताडपत्री बांधत होते.

8 जुलैपासून लॉज 33 टक्के क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली, पण जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. पाहुणा मुंबई-पुण्याचा, खोली रायगडात. ई-पासची अट सप्टेंबरात गेली, तेव्हा कुठे फोन वाजू लागले. त्याच महिन्यात राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. किमान 1 एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन केंद्र म्हणून नोंदणीची वाट त्यानं मोकळी केली. माझ्या मते त्या सगळ्या काळातला हा सर्वांत टिकाऊ निर्णय. पैसे त्यात फार नव्हते, पण नोंदणी झालेल्या शेतकऱ्याला बँकेत दाखवायला एक ओळख मिळाली. आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन एप्रिल 2021 पासून वीज, पाणी, कर औद्योगिक दरानं आकारायचं ठरलं, तेही नोंदणी केलेल्यांनाच. महामंडळानं आपल्या रिसॉर्टांत वायफाय देऊन घरून काम करणाऱ्यांना बोलावलं.

दुसरा मे 2021 चा. एप्रिलच्या मध्यापासून पुन्हा कडक निर्बंध, आणि 16 मे रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत आलं. पहिल्या वादळातून वाचलेल्या मालवण-देवबागकडच्या घरांना या वेळी फटका बसला.

28 जूनला केंद्रानं पर्यटन क्षेत्रासाठी सरकारी हमीचं कर्ज जाहीर केलं. मान्यताप्राप्त प्रवासी संस्थांना 10 लाखांपर्यंत, परवानाधारक गाईडना 1 लाखापर्यंत. देशभरातले लाभार्थी मिळून 11,000 च्या थोडे वर. यादी पर्यटन मंत्रालयाच्या आणि राज्यांच्या मान्यतेवर बेतलेली होती. मोदक करून खोली देणारी बाई तिच्यात बसतच नव्हती. तिला ना प्रवासी संस्था म्हणता येत होतं, ना गाईड.

23 नोव्हेंबर 2021 रोजी, अंगारकीला, दरोड्यातून परत मिळालेल्या सोन्याचा मुखवटा दिवेआगरच्या मंदिरात पुन्हा बसवला गेला. त्या तारखेच्या पानावर काकूंच्या वहीत जागा उरलेली नाही, समासातही नावं आहेत. नोंदणीचा अर्ज त्यांनी त्यानंतर भरला. एका पुतण्याची सही बोरिवलीहून यायची होती, म्हणून तो महिनाभर वहीतच घडी घालून ठेवलेला होता.