नाकीडोळी नाही, अख्खा चेहरा

‘नाकीडोळी नीटस’ असं आपण सहज म्हणतो. पण मेंदू नाक-डोळे असे सुटे सुटे बघतच नाही. खात्री करायची तर समोरून काढलेला, दात दिसतील असा हसरा फोटो घ्या आणि पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा. दोन्ही डोळे आणि तोंड असे तीन तुकडे कापा, प्रत्येक तुकडा जागच्या जागी उलटा करून चिकटवा. मग पूर्ण फोटोच उलटा धरा. चेहरा बराचसा नेहमीसारखा वाटेल. आता फोटो सावकाश सुलट करत न्या; आडवा होऊन थोडा पुढे गेला, की एकदम भेसूर दिसतो. चष्म्याचा फोटो नको, फ्रेम तुटलेली दिसते आणि लक्ष तिकडेच जातं. ओठ मिटलेले असतील तर मजा येत नाही.

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर केला होता. उलट्या फोटोत डोळे आणि तोंड मात्र सुलट असतात, म्हणून सुटे बघितले तर त्यांत खोट दिसत नाही. खोट आहे ती त्यांच्या एकमेकांशी असलेल्या मांडणीत. ही मांडणी मेंदू एका दमात वाचतो, पण चेहरा सुलट असेल तरच.

याहून सुंदर पुरावा १९८७ चा आहे. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा नीट जुळवून लावला, तर तिसराच माणूस दिसतो. वरचा अर्धा कुणाचा हे सांगायला वेळ लागतो, खालच्याकडे बघू नका म्हटलं तरी! खालचा भाग थोडा बाजूला सरकवा, नाहीतर जोडलेला फोटो उलटा करा. ओळख पटकन पटते. जोड मोडला की मेंदूची सक्ती सुटते.

अनोळखी चेहरा दिसला की ‘भरवशाचा’ की ‘लबाड’ हे मत सेकंदाच्या दहाव्या भागात तयार होतं. ते खरं असतंच असं नाही. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारं सामुद्रिक आणि फोटोवरून प्रामाणिकपणा मोजतो म्हणणारं सॉफ्टवेअर, दोन्ही याच झटपट मताला ज्ञान समजतात.

चेहरा ओळखण्याच्या कामात मोठा वाटा असलेला मेंदूचा भाग तळाशी असतो आणि बहुतेकांत उजव्या बाजूला जास्त सक्रिय असतो. तिथे इजा झाली, तर माणसाला समोरच्याचे डोळे, मिशी, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट दिसते, पण हा आपला सख्खा भाऊ आहे हे तो बोलल्यावर, आवाजावरून कळतं.