चाळीस यार्डांच्या धावेवर एनएफएलची निवड ठरत नाही

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसच्या 'कंबाइन' चाचणीत जो सर्वांत वेगाने 40 यार्ड धावतो, त्याचंच नशीब ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात, त्यात) उघडतं. हे खरं नाही.

टीव्हीवर ती धाव दिसते, म्हणून ती मोठी वाटते. संघांना कंबाइनमधून सर्वांत जास्त हवी असते ती वैद्यकीय तपासणी. गुडघा, खांदा, जुनी शस्त्रक्रिया हे सगळं संघांचे डॉक्टर स्वतः तपासतात. मुळात ही तपासणी एकाच ठिकाणी उरकावी, म्हणूनच असा मेळावा सुरू झाला. शिवाय खेळाडूंच्या मुलाखती असतात. आणि खरा पाया म्हणजे कॉलेजच्या सामन्यांचं चित्रीकरण. संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट एकेक चाल पुन्हा पुन्हा बघतात: पहिलं पाऊल कुठे पडलं, चेंडू आपल्याकडे नसताना पोरगा काय करतो.

2017 मध्ये जॉन रॉसने 4.22 सेकंदांचा विक्रम केला आणि नवव्या क्रमांकावर निवडलाही गेला. पण चार हंगामांनंतर बेंगल्स संघातून बाहेर पडला. त्याच वर्षी 4.62 सेकंद घेणारा कूपर कप 69वा निवडला गेला. 2021 मध्ये झेल, झेल घेऊन मिळवलेले यार्ड आणि टचडाउनचे (म्हणजे थेट गुण देणारे) झेल या तिन्हींत तो लीगमध्ये अव्वल होता. 2024 मध्ये झेवियर वर्दीने 4.21 सेकंदांत रॉसचा विक्रम मोडला, तरी त्याचा नंबर लागला 28वा.

वेग बघतात, जरूर बघतात. पण चित्रीकरणात दिसलेल्या गोष्टीची खात्री करायला.